अडगळींतला यंत्रनांगर

शिरूर किंवा दौंड तालुक्यांतील एखाद्या जुन्या वस्तीवर गोठ्याच्या मागल्या बाजूस गेलें, तर तेथें बहुधा एकाच ढिगांत अनेक पिढ्यांचें शेतीचें सामान पडलेलें दिसतें. फाटक्या मोटेचें लोखंडी कडें, वाळवीनें खाल्लेलें जूं, उसाच्या चरकाची एखादी लाट, आणि क्वचित् या सर्वांच्या खालीं दबलेलें, दोन चाकांचें, लांब मुठींचें, गंजून तांबडें झालेलें एक यंत्र. त्यावर बसावयास जागा नसते. चालविणारा मुठी धरून मागून चालतो. विलायतेंत अशा यंत्रास बागेचा ट्रॅक्टर म्हणत. आपल्याकडील शेतकरी त्यास पॉवर टिलर म्हणतो. भंगारवाला येतो, बीड किती, पत्रा किती, तांबें-पितळ किती याचा डोळ्यांनींच अंदाज करतो आणि वजनाचा भाव सांगतो. घरांतील तरुण म्हणतो, देऊन टाकूं. म्हातारा म्हणतो, राहूं दे, चालेल अजून.

या दोघांपैकीं कोणाचें खरें हें ठरविण्यास यंत्र उघडून पाहावें लागतें. आणि त्याआधीं या भागांतील जमिनीचा व अवजारांचा थोडा इतिहास चाळावा लागतो.

भीमा नदी बऱ्याच अंतरापर्यंत या दोन तालुक्यांची शीव आहे. उत्तरेस शिरूर, ज्यास जुनीं माणसें घोडनदी म्हणतात, दक्षिणेस दौंड. पाऊस दोहोंकडे बेताचाच, वर्षास वीस इंचांच्या आसपास, आणि तोही लहरी. फरक पडला तो पाटाच्या पाण्यानें. खडकवासल्याचें धरण १८७० नंतरच्या दशकांत झालें आणि मुठेचा उजवा कालवा सुमारें सत्तर मैल चालून पाटसच्या बाजूस आला. तेथील मातोबा तलाव त्याच पाण्यानें भरूं लागला. दौंडकडे ऊस आला, गुऱ्हाळें आलीं. शिरूरच्या मोठ्या भागास मात्र विहिरीवर आणि आभाळावरच भिस्त ठेवावी लागली. घोड नदीवरील चिंचणीचें धरण व्हावयास १९६५ साल उजाडावें लागलें.

अशा मुलखांत शेतकऱ्याची खरी अडचण केवळ पाण्याची नसते. ती वेळेची असते. पाऊस पडला म्हणजे जमीन लगेच औतास येत नाहीं. ओल्या रानांत औत घातलें तर माती चिकटते, आणि पुढें तिचीं दगडासारखीं ढेकळें होतात. फार थांबलें तर जमीन आवळून येते व फाळ आंत शिरत नाहीं. या दोहोंमधील जी नेमकी स्थिति, तिला वाफसा म्हणतात. काळ्या रानांत तो कांहीं दिवस टिकतो. हलक्या, मुरमाड रानांत त्याहूनही थोडा. वर्षाचें धान्य घरांत येणार कीं नाहीं याचा निकाल पुष्कळदां या चार-सहा दिवसांतच लागतो. ज्याच्या गोठ्यांत स्वतःचा बैल आहे त्यास वाफसा सांपडतो. ज्यास दुसऱ्याच्या बैलांची वाट पाहावी लागते त्याचा वाफसा निघून जातो. पुढें बैलांच्या जागीं ट्रॅक्टर आला तरी या नियमांत कांहींच बदल झाला नाहीं.

जमिनीच्या तुकड्यांनीं ही अडचण दुणावली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं १९१७ मध्यें पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची घरोघर फिरून केलेली पाहणी प्रसिद्ध केली. १७७१ मध्यें त्या गांवांत सरासरी खातें ४० एकरांचें होतें. १८१८ मध्यें तें साडेसतरा एकरांवर आलें, आणि १९१४-१५ मध्यें सातांवर. बरें, हे सात एकर तरी एका जागीं असावेत! गांवांत जमिनीचे सातशेंवर तुकडे निघाले. त्यांतील ४६३ एका एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. चार वर्षांनीं, १९२१ मध्यें, मॅन आणि कानिटकर यांनीं दुसरी पाहणी छापली ती शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक या गांवाची. तें कोरडवाहू गांव. तेथील चित्र अधिकच उदास निघालें. पावसानें एक वर्ष दगा दिला कीं पुढचीं कित्येक वर्षें कर्जांत जात, आणि बहुसंख्य कुटुंबांना केवळ स्वतःच्या जमिनीवर पोट भरणें साधत नव्हतें. १९४७ मध्यें मुंबई सरकारनें तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा केला. तथापि भावाभावांच्या वांटण्या कायद्यास विचारून होत नसतात. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड शहरांत बुडून गेलें आहे व तेथें नांगरण्यास जमीनच उरली नाहीं, ही गोष्ट वेगळी.

पाव एकराच्या, वांकड्यातिकड्या बांधांच्या तुकड्यांत मोठा ट्रॅक्टर घातला तर त्याचें निम्में लक्ष वळण्याकडेच असतें. कडेची पट्टी तशीच राहते, आणि भाड्यानें ट्रॅक्टर चालविणाराही आधीं मोठीं, सलग रानें उरकून मग अशा तुकड्याकडे वळतो. त्यांत त्याचा दोष कांहीं नाहीं. तेलाचा हिशेब त्यालाही करावयाचा असतो. पण तोंवर वाफसा उडालेला असतो. अडगळींतल्या त्या दोन चाकी यंत्राची खरी किंमत या ठिकाणीं आहे. तें मोठ्या ट्रॅक्टरपेक्षां चांगलें नांगरतें असें मुळींच नाहीं. तें आपल्या दारांत असतें, एवढेंच. मात्र तें चालू असलें पाहिजे.

चालू राहणें ही गोष्ट जुन्या काळीं कशी साधत असत हें पाहण्याजोगें आहे. लांकडी नांगर, कुळव, पाभर हीं अवजारें गांवचा सुतार करी व फाळाचें काम लोहार पाही. त्याबद्दल त्यांना दर खेपेस पैसे मिळत नसत. सुगीच्या वेळीं खळ्यावर बलुतें मिळे. या व्यवस्थेंतील जातीचा जाच आणि अन्याय झांकण्याचें कारण नाहीं. परंतु दुरुस्तीच्या दृष्टीनें तींत एक मर्म होतें. दुरुस्तीची किंमत आधींच ठरलेली असे व दुरुस्ती करणारा हांकेच्या अंतरावर राही. हाळीस मोडली तर ती सकाळीं सुताराकडे जाई व संध्याकाळीं परत येई. त्यामुळें नांगर जुना झाला असें कोणी म्हणत नसे. त्याचा एकेक भाग बदलत जाई आणि आजोबांचा नांगर नातवाकडे चाले, जरी त्यांत आजोबांच्या वेळचें एकही लांकूड उरलेलें नसे.

लोखंडी नांगरानें ही घडी प्रथम विसकटली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपला पहिला लोखंडी नांगर १९०३ मध्यें बेळगांवीं तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी समजूत असल्यामुळें पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं, ही हकीकत प्रसिद्ध आहे, आणि ती सांगतांना शेतकऱ्याच्या भोळेपणास हंसण्याची चाल पडली आहे. तें हंसणें थोडें आंखडतें घ्यावें. बिडाचा फाळ मोडला तर गांवच्या लोहारास तो सांधतां येत नव्हता. नवा फाळ बाहेरगांवच्या कारखान्यांतूनच आणावा लागे. पेरणीच्या तोंडावर फाळ मोडला तर काय करावयाचें, हा प्रश्न ज्याच्या मनांत आला असेल तो शेतकरी भोळा खास नव्हता. किर्लोस्करांना हें कळलें होतें असें त्यांच्या पुढील यशावरून दिसतें. त्यांचा स्वतःचा आरंभच मुळीं बेळगांवच्या सायकलींच्या दुकानांत झाला होता, आणि यंत्र मोडल्यावर गिऱ्हाईक कसें तळमळतें हें सायकल दुरुस्त करणाऱ्यास निराळें शिकवावें लागत नाहीं. १९१० मध्यें औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धांत बीड मिळेनासें झालें, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं पन्हाळ्यावरील निकामी तोफा त्यांना दिल्या व त्या वितळून नांगर झाले, असें सांगतात. मोडीचें सोनें करण्याचें याहून चांगलें उदाहरण शोधूनही सांपडणार नाहीं.

नांगरानंतर आलें तें तेलाचें इंजिन, मोटेला निवृत्त करणारें. सातारचे धनजीशा कूपर यांनीं १९२२ मध्यें कारखाना काढला, आणि १९३३ मध्यें तेथें डिझेल इंजिन तयार झालें. देशांत बनलेलें तें पहिलेंच असें म्हणतात. हे कूपर १९३७ मध्यें कांहीं महिने मुंबई प्रांताचे मुख्य प्रधानही होते. त्यांचें प्रधानपद लोक विसरले, इंजिनावरचें नांव मात्र राहिलें. किर्लोस्करवाडीस १९२६ पासून पंप होऊं लागले होते, आणि १९४६ मध्यें खडकीस किर्लोस्करांचा इंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. भीमेच्या व घोडीच्या कांठीं, विहिरींवर, गुऱ्हाळांत हीं एका सिलिंडरचीं इंजिनें धडधडूं लागलीं.

दौंडला यांत्रिक कामाचें वातावरण मुळींच परकें नव्हतें. १८५८ च्या अखेरीस पुण्याहून दिकसळपर्यंत लोहमार्ग खुला झाला, तो दौंडवरून गेला. १८७८ मध्यें मनमाडचा फांटा निघाला आणि १९१४ मध्यें बारामतीची लहान गाडी. जेथें आगगाडीचीं इंजिनें पाणी-कोळसा घेतात व खोलून जोडलीं जातात, तेथें पान्हा ओळखणारीं माणसें असतातच. एका सिलिंडरच्या इंजिनाचा मोठा गुण हा कीं तें समजतें. एक दट्ट्या, दोन झडपा, एक तेलाचा पंप, एक जड चाक. पंपाचें इंजिन ज्यानें चार वेळां उघडलें तो पांचव्या वेळीं कोणाचेंही इंजिन उघडतो. अशा रीतीनें गांवोगांव सुताराच्या जागीं मिस्त्री बसला आणि दुरुस्ती पुन्हा हांकेच्या अंतरावर आली. पुढें आलेला पॉवर टिलर या भागांत कांहीं काळ तगला तो याच मिस्त्र्याच्या बळावर; कारण टिलरचें इंजिन म्हणजे पंपाच्या इंजिनाचा आडवा झोपविलेला भाऊच होय.

या यंत्राचें माहेर मात्र दूर आहे. दांत्यांचें चक्र फिरवून माती भुसभुशीत करण्याची युक्ति स्वित्झर्लंडच्या कॉनराड फॉन मायेनबुर्ग यानें १९१० च्या सुमारास मांडली. ऑस्ट्रेलियांत आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलानें १९१२ मध्यें वडिलांच्या शेतावर असेच प्रयोग आरंभिले. साधीं पातीं माती दूर फेकीत. तीं काटकोनांत वांकविल्यावर माती जागच्या जागीं फुटूं लागली. १९२० मध्यें त्यास पेटंट मिळालें. आजच्या रोटाव्हेटरचें वांकडें पातें त्याचेंच. त्याच सुमारास, १९१६ मध्यें, अमेरिकेंत बेंजामिन ग्रेव्हली यानें मोटारसायकलचें इंजिन हातनांगरास जोडून आपल्या बागेपुरतें यंत्र केलें. मात्र या यंत्राला खरें घर मिळालें तें जपानांत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें जमिनीची फेरवांटणी झाली, लहान लहान खातीं निर्माण झालीं, आणि १९५० नंतरच्या दशकांत दोन चाकी टिलर भातखाचरांत सर्वत्र पसरला. आपल्याकडे तो १९६० नंतर जपानी कारखान्यांच्या सहकार्यानें आला.

सरकारी पातळीवर मात्र आपल्या देशांतील ट्रॅक्टरचा मोठा उपक्रमच जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीनें सुरू झाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत नाहीं. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्यानें मागें टाकलेले सुमारें दोनशें ट्रॅक्टर दुरुस्त करून १९४७ मध्यें केंद्र सरकारनें आपलें ट्रॅक्टर खातें उभें केलें. मध्य हिंदुस्थानांतील लक्षावधि एकर जमीन कांस नांवाच्या खोल मुळांच्या गवतानें गिळली होती. ती उन्हाळ्यांत खोल नांगरून मुळें उन्हांत भाजावयाचीं, हें त्यांचें काम. पुढें १९४९ मध्यें जागतिक बँकेनें यंत्रांसाठीं एक कोटी डॉलर कर्जाऊ दिले. पण सुरुवात झाली ती लष्करी मोडींतून. दख्खनमध्यें कांसाच्या जागीं हरळी आणि कुंदा आहेत, आणि त्यांच्यापुढें लहान टिलर हतबल असतो, हेंही येथेंच सांगितलेलें बरें. त्याचीं पातीं वरवर चालतात. हरळीच्या रानांत तीं घातलीं तर मुळांचे शेंकडों तुकडे होतात व प्रत्येक तुकड्यास फुटवा येतो; म्हणजे हरळी काढली नव्हे, पेरली असें होतें.

दुसरा दोष चालण्याचा. दोन फूट रुंदीच्या पात्यांनीं एक एकर काढावयाचा तर मागच्या माणसास चार मैलांहून अधिक चालावें लागतें, तेंही दोन्ही हातांना यंत्राचे हादरे सोशीत. भारी काळ्या रानांत, आठ-दहा अश्वशक्तीच्या यंत्राबरोबर, हें काम कोणास हौसेचें वाटणार? बसून चालविण्याचे ट्रॅक्टर गांवांत वाढले, भाड्यानें मिळूं लागले, आणि टिलर गोठ्यामागें गेला. म्हणजे बहुतेक ठिकाणीं तो मोडला म्हणून टाकला गेला नाहीं. टाकला गेला म्हणून मोडला.

म्हाताऱ्याच्या म्हणण्यांत तथ्य असण्याचा संभव येथून सुरू होतो. अर्थात् यंत्र बाहेर काढल्याबरोबर त्यास हँडल मारण्याचा मोह आवरला पाहिजे. पहिल्या दिवसाचें काम फक्त धुण्याचें व पाहण्याचें. रॉकेल व ब्रश घेऊन माती आणि जुनें वंगण काढावें. नांवाची पट्टी व इंजिनाचा नंबर टिपून घ्यावा. त्यानंतर तळाचें तेल काढावें. तें काळें असलें तर चिंता नाहीं. दुधासारखें पांढुरकें असलें तर आंत पाणी शिरलें आहे. त्यांत धातूची चमकी दिसली तर बेअरिंग खाल्लें गेलें आहे, व खर्चाचा आंकडा तेथेंच दुप्पट धरावा.

उघड्यावर पडलेल्या इंजिनाचा धुराचा नळ बहुधा आभाळाकडे तोंड करून असतो. त्यांतून पाणी सिलिंडरांत जातें, दट्ट्याच्या रिंगा लायनरला गंजानें चिकटतात, आणि जड चाक हलेनासें होतें. येथेंच पुष्कळ यंत्रें मारलीं जातात. गंजानें नव्हे, घणानें. उपाय धीराचा आहे. नोझल काढून त्या भोंकांतून डिझेल व पातळ तेल यांचें मिश्रण आंत सोडावें आणि थांबावें. रोज सकाळीं चाक थोडें पुढें, थोडें मागें हलवून पाहावें. चार दिवसांनीं, कधीं पंधरा दिवसांनीं, तें केसभर सरकतें. एकदां सरकलें म्हणजे पुढचें काम वेळेचें. तरीही न सरकलें तर हेड काढून लांकडी ठोकळा दट्ट्यावर ठेवून हलक्या हातानें ठोकावें; लोखंडावर लोखंड मारूं नये.

हेड निघाल्यावर लायनर हातास लागतो. वरच्या टोकाशीं बोट फिरविलें असतां जर पायरीसारखी कड जाणवली तर झीज झालेली आहे. रिंग एकटीच लायनरांत बसवून तिच्या दोन टोकांमधील फट पत्त्यांच्या गेजनें मोजावी. फट फार असेल तर रिंगा बदलाव्या, किंवा लायनरच नवा घालावा. झडपा पेस्ट लावून त्यांच्या जागेवर घासाव्या, मग तोंड वर करून त्यांवर रॉकेल ओतावें. दुसऱ्या बाजूनें थेंब आला नाहीं तर घासणें पुरें झालें. हें सर्व इतक्या काळजीनें करण्याचें कारण डिझेल इंजिनाच्या स्वभावांत आहे. त्यास ठिणगी नसते. आंत घेतलेली हवा विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्या दाबानें ती पांचशें अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत तेलाचा फवारा पेट घेतो. हवा कोठेंही गळली तर ताप नाहीं, आणि ताप नाहीं तर कितीही हँडल मारलें तरी दंडच दुखतात.

तेलाच्या टांकीचा गंज खडे घालून हलवून काढावा लागतो. नोझलचा फवारा धुक्यासारखा सुटला पाहिजे. त्यांतून धार किंवा थेंब येत असतील तर तें पंपवाल्याकडे द्यावें. फवारा तपासतांना हात समोर धरूं नये. तें तेल कातडी भेदून आंत जातें, आणि जखम टांचणीएवढी दिसली तरी बोट गमावण्याची वेळ येते. पाण्याच्या कोठींत विहिरीच्या जड पाण्याचा चुन्यासारखा थर बसलेला असतो. तो राहूं दिला तर बाकी सर्व नीट असूनही इंजिन तापतें.

सुट्या भागांचा प्रश्न लोक समजतात तितका बिकट नसतो. कारखाना बंद पडला म्हणून बेअरिंग बंद पडत नाहीं. बेअरिंगवर ६२०५ असा आंकडा असला तर तें जगांत कोठेंही केलेलें असो, त्याचें आंतलें भोंक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ असणारच. तेलाचे सील व पट्टे यांचीही गोष्ट तशीच. पॅकिंगचा कागद भागावर ठेवून हातोडीनें कडा ठोकल्या कीं हवा तसा कापला जातो. बुश लेथवर करून मिळतो. उरलेल्या गोष्टींसाठीं पुण्याचा जुना बाजार आहे. बुधवारीं किंवा रविवारीं तेथें धीर धरून फिरणाऱ्यास कोणत्या यंत्राचें कोणतें हाड सांपडेल याचा नेम नाहीं. खरी उणीव पडते ती माणसाची. नवीन ट्रॅक्टरच्या कामांत मिस्त्र्याचा दिवस चांगला जातो. त्यानें या जुन्या धुडासाठीं चार दिवस कां घालवावे? शिवाय जुने मिस्त्री आतां थकले, आणि त्यांचें ज्ञान वहींत उतरलेलें नाहीं. कोणत्या झडपेची फट किती हें त्यांच्या बोटांस ठाऊक असतें. तरुणानें यंत्र विकण्यापूर्वीं चार दिवस अशा एखाद्या माणसाशेजारीं बसावें. यंत्र न चाललें तरी ते दिवस फुकट जात नाहींत.

इंजिनापेक्षां मागचा भाग अधिक धोक्याचा असतो. मुठींखालच्या दोन कळांपैकीं जी दाबावी त्या बाजूचें चाक सुटें होतें व यंत्र त्या बाजूस वळतें. या दोन्ही कळा मोकळ्या व सारख्या चालल्या पाहिजेत. गियरपेटींतलें तेल बदलावें, पात्यांचे बोल्ट एकेक तपासावे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, यंत्र मागें घेतांना पातीं फिरूं न देणारी अटक कोणी काढून टाकली असेल तर ती पुन्हा बसविल्याखेरीज यंत्र रानांत नेऊं नये. मागें चालणाऱ्या माणसाचे पाय त्या पात्यांपासून दोन हातांवर असतात.

मग सुरू करण्याचा दिवस येतो. नळींतील हवा काढून टाकावयाची, झडप उचलणारी कळ वर करावयाची, आणि हँडल धरतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा. आंगठा पलीकडून वळविला आणि इंजिनानें उलटा झटका दिला तर मनगट जायबंदी होतें. चाकास वेग आला कीं कळ सोडावयाची. पहिल्यांदां पांढरा धूर येतो, इंजिन दोन वेळां खोकतें आणि गप्प बसतें. पुन्हा हँडल. तिसऱ्या-चौथ्या खेपेस एक ठोका पडतो, मग दुसरा, आणि मग ते सलग होतात. पांढरा धूर गेला पाहिजे. काळा राहिला तर तेल जास्त, निळा राहिला तर रिंगांवाटे वंगण जळतें आहे. पहिले कांहीं तास ओझें हलकेंच द्यावें व थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आंवळावे.

त्याच्याकडून कामही त्याच्या मापाचेंच घ्यावें. दहा एकरांचें पडीक रान त्याचें नव्हे. भाजीपाल्याचा तुकडा, फळबागेंतील दोन ओळींमधील जागा, उसाच्या सऱ्यांतील माती, कांद्याच्या रोपांचे वाफे, हीं त्याचीं कामें. पांच गुंठ्यांच्या तुकड्यांत मागच्या माणसास अर्ध्या मैलाच्या वर कांहीं चालावें लागत नाहीं, आणि तेवढ्यांत रोपवाटिकेची माती भुसभुशीत होते. भंगारवाल्याचा भाव आणि रिंगा, सील, पट्टे यांचा खर्च हीं दोन्हीं मांडून पाहिलीं, तर निवाडा एका प्रश्नावर येतो : असा तुकडा घरचा आहे काय, आणि तो ठरल्या दिवशीं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरविना अडतो काय? नसेल तर तरुणाचें खरें. बीड तोलून द्यावें.

असेल तर पाऊस उघडल्यानंतरच्या एका सकाळीं तें यंत्र बांधावरून खालीं उतरतें. दोन फेऱ्या होतात. पात्यांत ज्वारीचीं धसकटें गुंततात आणि तीं काढण्यासाठीं तरुण इंजिन बंद करतो. मागून चालत आलेला म्हातारा तेवढ्यांत खालीं वांकून मूठभर माती उचलतो, दाबतो, आणि मूठ उघडून पाहतो. मातीचा गोळा झालेला नसतो. ती भुग्यासारखी मोकळी होऊन बोटांमधून सांडते. पुढची फेरी घ्यावयास हरकत नाहीं.